सरांची हरकत

सरांना काही विचारायचं असेल तर हाताशी निदान अर्धा दिवस पाहिजे. मागच्या उन्हाळ्यात ते मला सौंसरच्या बसस्टँडवर भेटले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण भर मे महिन्यात शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलंच. मी आपलं रीतीप्रमाणं विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना?" ते थांबले, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "बरी मंजे कोनापेक्षा? मागच्या सालापेक्षा, का माया भावापेक्षा?" मग दोन्ही उत्तरं सविस्तर दिली. माझी पांढुर्ण्याची बस माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली.

ते आमच्या सरकारी मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे. रामाकोन्याहून रोज बसनं यायचे. चहा पूर्ण गार झाल्याशिवाय प्यायचे नाहीत. वर साय धरली की ती बोटानं बाजूला सारायची आणि मग सगळा एका दमात घशाखाली. खडू अगदी संपेस्तोवर वापरायचे. शेवटी शेवटी फळ्यावर खडूपेक्षा नखच जास्त घासायचं आणि आम्ही चाळीस पोरी कानात बोटं घालून भूमिती शिकायचो.

कुठंही चूक दिसली की त्यांना पुढं जाताच यायचं नाही. एकदा आमच्या मोठ्या मॅडमनी मुलीच्या लग्नाच्या पत्रिका स्टाफरूममध्ये वाटल्या. सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. सरांनी पत्रिका दोनदा वाचली आणि म्हणाले, "मॅडम, या तारखेले बुधवार येते. तुमी गुरुवार लिवला."

पत्रिका तोवर चार गावांत वाटून झाल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "लोक तारीख पाहतात हो सर."

"जो वार पायते, तो दुसऱ्या दिवशी येईन," सर म्हणाले.

पुढचे चार दिवस मधल्या सुट्टीत ते मॅडमच्या टेबलाशी बसून पाहुण्यांना एकेक करून फोन लावत होते. त्यांना हे करा असं कुणीही सांगितलं नव्हतं. लग्नाला म्हणे एकही पाहुणा चुकला नाही. मॅडम मात्र नंतर वर्षभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या. मला मॅडमची बाजू तेव्हाही पटत होती, आताही पटते.

आमचं सौंसर मराठी मुलखाच्या काठावर, पण हिंदी राज्यात, म्हणून शाळा हिंदी माध्यमाची. फळ्यावर हिंदी, समजावणं मात्र आमच्या बोलीत. एखादी पोरगी उत्तर सांगायला उठली की सर हात वर करायचे. "उत्तर राहू दे. सवाल का म्हनून राहिला, ते सांग." तिनं प्रश्न वाचून दाखवला की, "हे तं तू वाचलं. तो का म्हनून राहिला?" असं तीनतीनदा. उत्तर बरोबर आलं तरी 'बरोबर' हा शब्द त्यांच्या तोंडून यायचा नाही. फक्त "हं." तो 'हं' ऐकायला आम्ही किती राबायचो ते आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

तेव्हा दहावीत एक राष्ट्रीय परीक्षा असायची. आधी राज्याचा टप्पा, मग देशाचा. सगळ्या देशातून मोजकी मुलं निवडायचे. निवड झाली तर शिष्यवृत्ती होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नाव. आमच्या अख्ख्या तहसिलीतून कुणी राज्याचा टप्पा पार केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. माझे बाबा नगरपालिकेत पाण्याच्या टाकीवर होते, मोहल्ल्यामोहल्ल्याचे व्हॉल्व्ह सोडायचे. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "राज्यात नंबर लागला तं अकरावीले नागपूरले मावशीकडं ठेवतो. नाही तं इथंच शीक." यात धमकी नव्हती. पोरीला बाहेर का ठेवली, असं नातेवाइकांनी विचारलं की पुढं करायला त्यांना एक कारण हवं होतं. मला तर नागपूरशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.

तयारी सर घेणार होते. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेच्या खोलीत तासभर. सुरुवातीला अकराजणी बसायचो. महिन्याभरात दोघीच उरलो, मी आणि बोरगावची पायल. बाकीच्यांना मी दोष देणार नाही. तासाभरात सर चार प्रश्न घ्यायचे. चार. पेपरात शंभर असतात. प्रत्येकाला चार पर्याय असायचे, आणि बरोबर पर्यायावर खूण केली की सर म्हणायचे, "हं. आता बाकीचे तीन काऊन नाही, ते लिव." लिहायचंही पूर्ण वाक्यात.

"सर, छिंदवाड्याची पोरं एका दिवसात दोनशे प्रश्न करून राहिली," मी एकदा म्हटलं.

"करू दे ना. त्याईले घाई असन."

"परीक्षेत घाई करावीच लागते सर."

"मंग परीक्षेत कर. आता कायले करून राहिली?"

पायल शांतपणे लिहीत बसायची. तिला सरांचं सगळं पटायचं, आणि त्यामुळं मला तिचाही राग यायचा. शेवटी मी नागपूरहून मावशीच्या मुलाकडून एक जाडजूड गाइड मागवलं. तीन हजार प्रश्न, मागं उत्तरं. सरांकडून घरी गेले की समोर घड्याळ ठेवून मी त्यातले प्रश्न सोडवायची. पंधरा दिवसांत माझा वेग दुप्पट झाला. पायललाही दाखवलं, तिनं चाळलं आणि परत दिलं.

एक दिवस ते गाइड माझ्या दप्तरात सरांना दिसलं. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्यांनी ते चाळलं. "आठ दिवस घेऊन जाऊ का?" असं विचारलं. शिक्षकांना नाही कसं म्हणणार? आठाचे बारा दिवस झाले. गाइड परत आलं तेव्हा मागच्या उत्तरांच्या पानांवर पेन्सिलीनं बारीक बारीक अक्षरात एकोणीस उत्तरं खोडून नवीन लिहिलेली होती, आणि शेवटच्या पानाला एक पत्र टाचलेलं होतं, प्रकाशकाला पाठवायचं. परीक्षा तोंडावर आली होती, माझे बारा दिवस पाण्यात गेले होते, आणि हा माणूस तीन हजार उत्तरं तपासत बसला होता. मी घरी येऊन रडले. आईनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "सरांनी पुस्तक दुरुस्त केलं." तिला यात रडण्यासारखं काय आहे ते कळेना.

तेव्हा आमचा जिल्हा छिंदवाडा. पांढुर्णा जिल्हा व्हायला अजून बराच काळ होता. परीक्षेचं केंद्र छिंदवाड्यालाच होतं. सर आम्हा दोघींना घेऊन पहाटेच्या बसनं निघाले. केंद्राच्या फाटकाशी इतर मुलांचे शिक्षक शेवटची सूत्रं घोकून घेत होते. सर आम्हाला म्हणाले, "लवकर झालं तं बसून राहा." एवढंच. मी मनात म्हटलं, लवकर कसलं होतंय.

पण झालं. माझे शंभरच्या शंभर प्रश्न वेळेआधी झाले. पायलचे बावीस सुटले. ती बसमध्ये खिडकीला डोकं लावून बसली होती आणि मी आतून फुलून गेले होते. माझी पद्धत बरोबर ठरली होती. सरांनी "कसा गेला?" असंही विचारलं नाही. त्यांना फक्त प्रश्नपत्रिका हवी होती. रामाकोना येईपर्यंत ते ती वाचत होते, आणि उतरतानाही त्यांचं बोट पानात होतं.

काही दिवसांनी बोर्डाच्या साइटवर उत्तरं आली, कच्ची. कुणाला हरकत असेल तर तीन दिवसांत कळवा, परीक्षार्थीच्या सहीनं, अशी सूचना खाली होती. मी ऑनलाइनवाल्याच्या दुकानात कागद काढून, माझ्या उत्तरपत्रिकेच्या कार्बनप्रतीशी ताडून तिथंच स्टुलावर बसून मार्क मोजले. दोनदा मोजले. मागच्या वर्षांचा कटऑफ पाहता मी काठावर होते, पण काठाच्या आत. बाबांना सांगायला टाकीवर धावत गेले. बाबांनी त्या दिवशी अर्धा तास जास्त पाणी सोडलं असं मोहल्ल्यातले लोक अजून सांगतात.

संध्याकाळी सर घरी आले. याआधी कधी आले नव्हते. बाबांनी खुर्ची दिली. आई अंगणातल्या चुलीवर पाणी तापवत होती. सरांनी प्रश्नपत्रिका उघडली आणि मला विचारलं, "हा बांबूचा सवाल. तू काय भरलं?"

प्रश्न असा होता: एक बांबू कापून त्याचे पाच तुकडे करायला वीस मिनिटं लागतात, तर तसाच दुसरा बांबू कापून दहा तुकडे करायला किती मिनिटं लागतील?

"चाळीस," मी म्हटलं. "उत्तरांत पण चाळीसच आहे."

"हौ. पन चाळीस चूक हाये." त्यांनी चुलीपाशी पडलेल्या भाऱ्यातून कपाशीची एक वाळकी काडी ओढली आणि माझ्याऐवजी आईकडे वळले. "ताई, हे पाहा. मी इचे पाच तुकडे करतो. किती खेपा मोडली, ते मोजा."

आई बिचारी ओल्या हातांनी मोजायला लागली. कट, कट, कट, कट. हातात पाच तुकडे होते. "चार," आई म्हणाली.

"चार खेपा, वीस मिनटं. एका खेपेले पाच. आता दहा तुकडे कराले किती खेपा लागन?"

आईनं दुसरी काडी स्वतःच उचलली. आई आठवी शिकलेली. ती एकेक तुकडा मोडून खाली ठेवत गेली आणि शेवटी म्हणाली, "नऊ."

"नऊ पंचे?"

"पंचेचाळीस." आईनं माझ्याकडं पाहिलं. "मंग तुयं चूकच हाये ना वं."

मला तोवर सगळं कळलं होतं. परीक्षेत मी तो प्रश्न अर्धाच वाचला होता. पाचाचे दहा, विसाचे चाळीस, पुढं चला. आणि उत्तरं तयार करणाऱ्यानंही तसंच केलं होतं. पायलनं पंचेचाळीस भरलं होतं, पण बावीस प्रश्न सोडल्यामुळं तिच्या निवडीचा प्रश्नच नव्हता.

सरांनी पिशवीतून लिहून आणलेला हरकतीचा अर्ज काढला. "इथी सही लागन तुयी."

बाबा मध्ये पडले. ते म्हणाले, "सर, सरकारनंच चाळीस म्हटलं हाये. सरकारले चालते, पोरीले चालते. तुमचं काय अडून राहिलं?"

"माया काही नाही अडत, भाऊ. पन तो बांबू काही चाळीस मिनटात कापल्या जात नाही."

"माया पोरीच्या तोंडचा घास काढून राहिले तुमी."

सरांनी अर्ज माझ्यासमोर धरला. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "पायलची सही घ्या ना सर. तिचं उत्तर तर बरोबर आहे."

"तिची घेता येते," ते म्हणाले. "पन त्यात तिचा एक मार्क वाढते. तुया कमी होते. वाचनाऱ्याले दोघीतून कोनाचं खरं वाटन?"

मी उठून आत गेले. बाहेरून बाबांचा आवाज वाढलेला ऐकू आला आणि सरांचा आवाज अजिबात ऐकू आला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा आले. बाबा टाकीवर होते. सर अंगणात तासभर बसले, सहीबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि गेले. तिसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या, ते शाळा सुटल्यावर थेट माझ्या मागंमागंच आले. आई भाजी निवडत होती. ती मला हळूच म्हणाली, "परवापासून त्या काड्या मायाच्यानं चुलीत घालनं होऊन नाही राहिलं. काय करू?"

मी सही केली. सरांचं पटलं म्हणून नव्हे. हा माणूस अंगणातून जावा म्हणून केली. आमच्याकडं शाळेच्या हिंदीत 'सही' म्हणजे बरोबर, आणि घरच्या मराठीत सही म्हणजे नावाची. मी त्या कागदावर केली ती दोन्ही अर्थांनी सही होती आणि दोन्ही अर्थांनी मनाविरुद्ध. सरांनी कागद घेतला, तारीख तपासली, म्हणाले, "हं."

दोन महिन्यांनी पक्की उत्तरं लागली. पंचेचाळीस. त्यानंतर निकाल लागला. मला एक मार्क कमी पडला.

बाबा त्या दिवशी कामावर गेले नाहीत. मावशीला फोन केला, पोरगी इथंच शिकणार म्हणून सांगितलं, आणि कारण काहीच सांगितलं नाही. मी नागपूरला गेले, पण बारावीनंतर. तोवर मावशीचं घर बदललं होतं, ज्या शाळेची स्वप्नं पाहिली होती ती मागं पडली होती. आज मी पांढुर्ण्याकडं पटवारी आहे, नोकरी चांगली आहे, तक्रार करावी असं काही नाही. पण ती दोन वर्षं कुणी परत दिली नाहीत.

निकालानंतर सर आले ते हातात कागद घेऊनच. माफी मागायला नाही. सांत्वन करायलाही नाही. अर्जासोबत नेलेल्या माझ्या कार्बनप्रतीवरून त्यांनी माझ्या पेपरातले सगळे चुकलेले प्रश्न एका कागदावर उतरवून आणले होते. ते म्हणाले, "हे पाहा. बांबू सोडून तुये हे अजून चौदा चुकले. याच्यातला कोनताबी एक बरोबर आला असता तं झालं होतं. बसू का आपन? पाहू काऊन चुकले?"

हे खरं होतं, यात काही शंका नाही. पण कुठल्या वेळी काय बोलावं याची इतकी अक्कल नसलेला दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. मी दार लावून घेतलं.

त्यानंतर दीड वर्ष मी त्यांच्याशी बोलले नाही. अकरावी-बारावीला गणित तेच शिकवत. मी मागच्या बाकावर बसायची, विचारलं तर "माहीत नाही" म्हणायची. माहीत असलं तरी. पायल मधूनमधून म्हणायची, "सोड ना वं आता." मी तिच्याशीही तुटक बोलायची.

बारावीत दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी शेवटचा तास गणिताचा होता. सर फळ्यावर एक लांबलचक उदाहरण सोडवत होते. सुट्टीनंतर लगेच परीक्षा, आणि हे उदाहरण येणारच, असं सगळ्यांना वाटत होतं. पोरी भराभरा उतरवून घेत होत्या. मधल्या एका ओळीत सरांनी वजाच्या जागी अधिक लिहिलं. मला ते लगेच दिसलं. माझं पेन थांबलं. मी इकडंतिकडं पाहिलं. कुणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं. तिथून पुढं सगळं उदाहरण चुकत गेलं, एक पूर्ण फळा आणि वर दुसरा अर्धा. सरांची चूक, सरांच्या हातानं. मला किती बरं वाटलं ते सांगायला लाज वाटते. घंटा झाली, पोरी दप्तरं उचलून पळाल्या, मीही गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला सर दारात उभे. खांद्याला पिशवी. दीड वर्षांत घडलेलं काहीच न घडल्यासारखं ते म्हणाले, "काल मी चूक शिकवलं. रात्री ध्यानात आलं. सगळ्याईच्या वह्या दुरुस्त करा लागते. पोरीच्या घरी मी एकट्यानं जानं बरं नाही दिसत. तू चाल माया संग."

"ग्रुपवर फोटो टाका ना सर. मी टाकते."

"फोटो पायतेत, आंगठा दाखवतेत, अन् मोकया होतेत. वही तशीच रायते."

मग माझ्या तोंडून निघून गेलं. "मला काल दिसली होती चूक."

"मालूम हाये," ते म्हणाले. "तू लिवनं थांबवलं होतं. मले तवा वाटलं, तुया पेन बंद पडला. घरी गेल्यावर समजलं." त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "बोलली काऊन नाही?"

"तुमचा राग होता."

सरांना चिडलेलं मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "माया राग हाये तं मायावर काढ. त्या बाकीच्या पोरीचं काय चुकलं होतं?"

मी चपला घातल्या.

दोन दिवस आम्ही हिंडलो. पहिला दिवस सौंसरमधल्या घरांचा. प्रत्येक घरी सर बाहेरच उभे राहायचे, मी आत जाऊन पोरीला वहीसकट आणायची, मग सर तिच्याकडून ती ओळ खोडून घ्यायचे आणि पुढचं सगळं पुन्हा लिहून घ्यायचे. तिनं लिहीपर्यंत हलायचे नाहीत. कुणी पणत्या रंगवत होतं, कुणाच्या घरी चिवड्याची कढई चुलीवर होती. एक पोरगी नहाणीत होती, तर तिची आंघोळ होईपर्यंत आम्ही पायरीवर बसलो. एक मामाकडं मुलताईला गेलेली निघाली. सर बसची वेळ विचारायला लागले. मी म्हटलं, "सर, मी मुलताईला येणार नाही. तिच्या भावाला वही आणून द्यायला सांगा, मी दुरुस्त करते." त्यांनी बराच वेळ विचार करून ते मान्य केलं, पण त्यांना ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये शेजारी बसलेलो असताना मी विचारलं. इतके महिने विचारायचं होतं ते. "सर, माझा तो मार्क गेला, तेव्हा तुम्हाला काहीच वाटलं नाही का?"

बाहेर संत्र्यांच्या बागा जात होत्या. तोड चालू होती. सर त्यांच्याकडं बघत म्हणाले, "वाटलं. लय दिवस वाटलं. घरी चांगलं नाही लागे."

"मग सांगितलं का नाही मला?"

"तू दार लावलं होतं."

आणि एवढं बोलून त्यांनी पिशवीतून यादी काढली, कुणाची वही राहिली ते बघायला.

सगळ्यात शेवटी बोरगाव, पायलचं घर. घरी कळलं की ती बागेत आहे. आम्ही बागेत गेलो. झाडाखाली संत्र्यांचा ढीग होता आणि पायल आईबापांबरोबर लहानमोठी निवडून क्रेटमध्ये भरत होती. बांधावर ट्रक उभा होता. आम्हा दोघांना एकत्र पाहून तिनं तोंडावर हात नेला, मग पळत जाऊन घरून वही घेऊन आली. हात चिकट होते म्हणून वही मी धरली, तिनं दोन बोटांत पेन धरून ती ओळ खोडली आणि सर सांगतील तसं लिहीत गेली. लिहून झाल्यावर तिनं माझ्याकडं, मग सरांकडं पाहिलं.

"पन हे चुकलं कोनाचं होतं?" तिनं विचारलं.

सर बोलायच्या आत मी म्हटलं, "आम्हा दोघांचं." दीड वर्षांनंतर मी ते मोठ्या मनानं म्हटलं होतं.

सरांनी वहीतून मान वर केली. "दोघांचं कसं? चुकलं मायं. इनं ते लपवलं. ते अलग हाये."

मग ते ढिगाच्या कडेला उकिडवे बसले आणि चुकणं आणि लपवणं अलग कसं, ते पायलला सुरुवातीपासून समजावून सांगायला लागले. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. पायलचा बाप कमरेवर हात ठेवून उभा होता. माझ्या डोक्यात इतका संताप चढला की वाटलं, वही तिथंच टाकावी आणि एकटीनं सौंसर गाठावं. तरी मी सरांच्या शेजारी मातीत बसले, पायलची वही मांडीवर घेतली आणि तिनं बाकीच्या ओळी नीट लिहिल्या आहेत का, ते पहिल्यापासून तपासायला लागले.